पान नऊ ऑप्शनला

"विचारा मॅडम, कुठूनही विचारा. पान चार, पान सात, मलपृष्ठावरची सूचना. काहीही."

खोत सरांनी माझं पुस्तक छातीशी धरलं होतं. पुस्तक म्हणजे कथा-कादंबरी नव्हे. 'सुपीठ' नावाच्या घरघंटीबरोबर, म्हणजे घरच्या घरी दळण काढायच्या विजेच्या गिरणीबरोबर, खोक्यातून जे मिळायचं ते माहितीपुस्तक. त्याची लेखिका मी, वृंदा कुरुंदवाडकर. आत माझं नाव कुठंच नव्हतं. पहिल्या पानावर अण्णासाहेब मगदूम यांचा फेटा बांधलेला फोटो होता, कारण कारखाना त्यांचा होता.

हातकणंगल्याच्या त्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. खोत सर नुकतेच हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी त्रिशलावहिनी, पदर खोचून, हात मागे बांधून, तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरीसारख्या. माझ्या शेजारी खुर्चीत जयसिंग संकपाळ, ज्यानं हे मशीन तयार केलं तो आमचा इंजिनिअर. आणि मशीन कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून.

"सर, आम्ही परीक्षा घ्यायला आलेलो नाही," मी म्हटलं. "वहिनींनी नेहमीसारखं दळण काढायचं. आम्ही नुसतं बघणार."

"म्हणजे प्रॅक्टिकल," सर म्हणाले. "त्याचीही तयारी झालेली आहे."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आपल्या पुस्तकाचा इतका मन लावून अभ्यास केलेला माणूस समोर उभा असला की लेखकाला शंका येत नाहीत, गुदगुल्या होतात.

या धंद्यात लहानपणापासून ठरवून कुणी येत नाही. 'मोठेपणी मी गिरणीचं माहितीपुस्तक लिहिणार' असं निबंधात लिहिलेली मुलगी मला अजून भेटायची आहे. मी मराठीत एम. ए. केलं, सांगलीच्या एका दैनिकात मुद्रितं तपासली, मग पाण्याच्या पंपांच्या पत्रकांची भाषांतरं केली, आणि तिथून घसरत घसरत गोकुळ शिरगावच्या या कारखान्यात येऊन पडले. पडले ती तात्पुरती. अण्णासाहेब म्हणाले होते, "पुस्तक लिही. लोकांना कळलं तर कायम करतो."

पुस्तक झालं, छापलं, खोक्यांतून घरोघर गेलं. आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. बहुतेक एकच रडगाणं: गव्हाचं पीठ जाडं पडतंय, चपात्या वातड होतायत. आमचा माणूस दुरुस्तीला जाऊन बघायचा, तर आत ज्वारीची जाळी. गव्हाला बारीक जाळी लावायची असते, आणि ती बदलायची कशी ते पान नऊवर मी सविस्तर लिहिलं होतं. कुणी बदलतच नव्हतं.

जयसिंग म्हणे, पुस्तक भिकार आहे. मी म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी अण्णासाहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"कुणाच्यातरी घरी जावा आणि बघून या. पुस्तकानं काम चालत असंल तर पोरगी कायम. नसंल चालत तर दुसरा लिवणारा बघू. आणि जयसिंग, तू नुसतं नाक वर करून बसू नगंस, तू बी जायाचं."

नेमकं त्याच सुमारास मी पुण्यात एका कार्यशाळेला जाऊन आले होते. लोक वस्तू कशी वापरतात ते कसं बघायचं, यावर. तिथल्या बाईंनी एकच नियम घोटून घेतला होता: समोरचा माणूस अडला, चुकला, रडकुंडीला आला तरी मदत करायची नाही. खुणा नाहीत, हुंकार नाही. तोंडाला कुलूप. आपल्याकडे हे किती अवघड आहे ते त्या बाईंना ठाऊक नसावं. आपल्याकडे रस्त्यात कुणी गाडी मागं घेत असला तर चार अनोळखी माणसं 'येऊ द्या, येऊ द्या' करत धावतात.

तर वहिनींनी ज्वारी घेतली.

"प्रथम यंत्र सपाट जागी असल्याची खात्री करावी," त्या पुटपुटल्या आणि मशीनला हात लावून खात्री केली. "दार पूर्ण बंद करावे. दार बंद नसल्यास यंत्र सुरू होत नाही, हा दोष नसून सुरक्षेची सोय आहे."

माझं वाक्य! स्वल्पविरामासकट! एकही पायरी चुकली नाही. धान्य निवडून ओतलं, बटण दाबलं, घरघर सुरू झाली, आवाज बदलला तसं बटण बंद करून 'पाते थांबेपर्यंत वाट पाहावी' म्हणत वाट पाहिली, आणि खालचा डबा ओढून मऊ, गरम पीठ माझ्यापुढं धरलं. सरांनी टाळी वाजवली. जयसिंगनंसुद्धा माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याचंही बरोबरच होतं. पुस्तक पास झालं की मशीन आपोआप पास.

तिथंच उठून चहा पिऊन निघायला हवं होतं. पण मला मोह आवरला नाही. पान नऊ माझं लाडकं पान होतं. त्यातली वाक्यं मी पुन्हा पुन्हा घासून गुळगुळीत केली होती. ती वहिनींच्या तोंडून ऐकायची मला हौस आली.

"वहिनी, छानच," मी म्हटलं. "आता तसेच थोडे गहू काढून दाखवता?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी घाईनं पुस्तक उघडलं, पानं उलटली, चष्मा वर केला, खाली केला.

"गहू," सर सावकाश म्हणाले, "पान नऊवर आहे. ते आपण ऑप्शनला टाकलं होतं."

"काय?" जयसिंग म्हणाला.

"वेळ कमी होता. पुस्तकात सगळीकडं उदाहरण ज्वारीचं दिलेलं. म्हटलं, विचारतील तर ज्वारीच विचारतील. हिला ज्वारी पक्की करून घेतली."

"पक्की कधी केली?" मी विचारलं.

"तुमचा फोन आल्यापासनं रोज सकाळी," वहिनी म्हणाल्या. "आधी पाठ म्हणायचं, मग च्या."

म्हणजे मघाशी मी जे बघितलं ते दळण नव्हतंच. ती स्नेहसंमेलनातली नाटुकली होती, आणि मी पहिल्या रांगेत बसून गहिवरले होते.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "मी करतो की. त्यात काय एवढं."

आता नियमाची खरी कसोटी लागली. गव्हाला जाळी बदलायची एवढं वहिनींना ठाऊक होतं, त्या ती शोधायला लागल्या. दार उघडून आत बघितलं. वरचं झाकण उचलून बघितलं. जाळी मागच्या बाजूनं निघत होती, हातानं फिरवायचा स्क्रू सोडवून. मशीन भिंतीला चिकटलेलं. आपल्या स्वयंपाकघरात कुठलं यंत्र भिंतीपासून वीतभर लांब उभं असतं? पण हा प्रश्न तोपर्यंत ना जयसिंगला पडला होता, ना मला. मी मजेत लिहून टाकलं होतं, 'यंत्राच्या पाठीमागे जावे'.

मागून सर खोकले. एकदा, मग दोनदा, मग मानेनं भिंतीकडं खुणावत.

"सर, कॉपी पुरवू नका," मी म्हटलं.

सर ओशाळले. उभ्या आयुष्यात ते वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नसेल.

जयसिंग खुर्चीत चुळबुळत होता. "अहो, ते डावी..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. मी स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. वहिनींनी मशीन ओढायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. मग पदर कमरेला घट्ट आवळून त्या सरळ फरशीवर आडव्या झाल्या, भिंत आणि मशीन यांच्या फटीत हात घातला, आणि आतून त्यांचा आवाज आला.

"ह्ये हितं स्क्रू कुणी घातलाय वो? त्याला घरात बायकू हाय का न्हाई?"

जयसिंगचं लग्न ठरत होतं. तो छताकडं बघायला लागला.

स्क्रू निघाला. जाळी निघाली. खोक्यातून आलेली दुसरी, बारीक जाळी त्यांनी चाचपडत बसवली, पण फटीतून दिसणार काय? ती तिरकी बसली. मशीन सुरू केलं, गहू ओतले, आणि डब्यात पिठाऐवजी भरड आली, जाड, कण्यांची. वहिनींनी ती बोटांवर घेऊन बघितली. केसात पीठ, कोपराला खरचटलेलं, कपाळावर काळा डाग. मला वाटलं, आता या आम्हाला झाडूनं हाकलतील आणि ते योग्यच होईल.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुमचं पुस्तक चांगलं हाय. मीच पान नऊ पाठ केलं न्हाई."

सर म्हणाले, "चूक हिची नाही, माझी आहे. ऑप्शनला टाकायला नको होतं."

आणि मग वहिनींनी त्या भरडीची गूळ-तूप घालून लापशी केली आणि आम्हाला वाढली. आग्रह करकरून वाढली. मी आयुष्यात इतकी चविष्ट आणि इतकी न गिळवणारी लापशी खाल्ली नाही.

परतताना जीप हायवेला लागल्यावर जयसिंग म्हणाला, "मॅडम, एक बोलू? ज्वारीचाच रिपोर्ट देऊ. खोटं तर काही नाही. बाईंनी दळण काढलं, पुस्तकाप्रमाणं काढलं. तुम्ही कायम, माझं मशीन पास. गव्हाचं कुणी विचारलंय?"

"आणि तक्रारी?"

"त्या येतच असतात. लोक वाचत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

अगदी हेच वाक्य मी सहा महिने सगळ्यांना ऐकवत होते. राहायला भाड्याची खोली होती, धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं, 'कायम' हा शब्द मला देवाच्या नावासारखा गोड लागत होता. जयसिंगला मी हो म्हणणार होते, खरंच. पण डोळ्यांपुढून ती फरशीवर आडवी झालेली बाई जाईना. स्क्रू त्यानं चुकीच्या जागी घातला, त्यावर सजवून पान मी लिहिलं, आणि माफी कोण मागत होतं? तर ती. मला संताप आला. त्याचा, माझा, पुस्तकाचा, सगळ्याचाच.

"जयसिंगराव," मी म्हटलं, "गव्हाचं मी सांगणार आहे."

"मग तुमची नोकरी जाईल."

"बघू."

अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं. घोकंपट्टी, खोकला, लापशी. अण्णासाहेब ऑप्शनपाशी इतके हसले की पाणी मागवावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "म्हंजे पुस्तक नापास. आता काय करूया? अक्षरं मोठी करूया? चित्रं घालूया?"

"पान नऊ काढून टाकूया," मी म्हटलं.

"आणि जाळी?"

"जाळी पुढं आणूया. दार उघडलं की समोर दिसली पाहिजे, फडताळातल्या ताटासारखी ओढली की निघाली पाहिजे. मग पान लागतच नाही."

"साचा बदलावा लागेल," जयसिंग घाईनं म्हणाला. "सगळी मागची बाजू परत काढावी लागेल. हे बोलायला सोपं आहे."

"थांब रे." अण्णासाहेब माझ्याकडं वळले. "जाळी पुढं आली तर पान नऊ नको. बरं. मग असंच डब्याचं सुधारलं तर?"

"पान सात नको."

"दाराचं?"

"चार आणि पाच."

"असं करत करत सगळं सुधारलं तर?"

"तर मग पुस्तकच..." मी बोलता बोलता थांबले.

"मग तू कशाला पायजेस?" अण्णासाहेबांनी शांतपणे विचारलं.

ज्या फांदीवर बसले होते तिच्यावरच मी कुऱ्हाड चालवली होती, आणि वर 'जरा धार लावून द्या' म्हणत होते.

"बघूया," ते म्हणाले. "मशीन आधी करा. दोघांनी मिळून करा. बिनपुस्तकाचं चाललं तर मग तुझं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवू. तवर तात्पुरतीच."

पुढचे काही महिने मी आणि जयसिंग एकमेकांच्या जिवावर उठलो. तो एखादा भाग तयार करून आणायचा, मी विचारायची, हे कळायला मला किती ओळी लिहाव्या लागतील? तो म्हणायचा, दोनच. मी म्हणायची, मग परत कर. एकदा त्यानं पाना फेकला. मला नाही, भिंतीला. आणि गंमत अशी की जसजसं मशीन शहाणं होत गेलं, तसतसं माझं पुस्तक बारीक होत गेलं. एकेक पान मी माझ्या हातानं फाडत होते. पान नऊ फाडलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हसू नका. एवढ्या मेहनतीनं घासलेली वाक्यं कुणीतरी एकदा तरी नीट वाचायला हवी होती, एवढंच वाटत होतं.

उन्हाळ्यात नवं मशीन घेऊन आम्ही पुन्हा हातकणंगल्याला गेलो. या खेपेला अण्णासाहेब स्वतः आले. मुद्दाम आधी कळवलं नव्हतं, तयारीला वाव नको म्हणून. सरांनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न केला, "पुस्तक कुठं आहे?"

"नाही सर. या मशीनला पुस्तक नाही."

"पुस्तक नाही?" सर हादरले. "मग हिनं अभ्यास कशावरनं करायचा?"

"करायचाच नाही."

मशीन भिंतीला चिकटवून उभं केलं. मी वहिनींना म्हटलं, "ज्वारी झाली की गहू काढा. आम्ही गप्प बसणार." आणि गप्प बसले. या वेळी हात मांडीखाली नव्हते, एकमेकांत घट्ट अडकले होते. वहिनींना जमलं नाही तर मशीन नापास. जमलं तर मी घरी. नेमकी कशाची प्रार्थना करावी तेच मला कळत नव्हतं.

वहिनींनी ज्वारी काढली. बटण बंद केलं, पातं थांबू दिलं, दार उघडलं. समोर जाळी. त्यांनी एक क्षण तिच्याकडं बघितलं, कड्याला बोट अडकवून ओढली, बाजूच्या खणातली दुसरी सरकवली. खट्ट आवाज झाला. दार लावलं, गहू ओतले. सगळं करताना त्या अण्णासाहेबांना विचारत होत्या, "च्यात साखर चालती न्हवं तुम्हाला?"

पीठ मऊसूत पडलं. वहिनींनी चिमूट घेऊन चोळली आणि हसल्या. सरांकडं न बघता हसल्या. तेव्हा मला इतका आनंद झाला की नोकरीचं काही क्षण विसरायलाच झालं. मग ती आठवली, आणि डोळ्यांत पाणी आलं. ते नेमकं कशाचं होतं ते मी आजही सांगू शकणार नाही.

सर कोपऱ्यात उभे होते, रिकाम्या हातांनी. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही गेल्यावर मी पान नऊ नीट वाचलं. फार सुंदर लिहिलं होतं हो. शाळेत असतो तर पोरांना शुद्धलेखनाला घातलं असतं."

माझ्या लाडक्या पानाला अखेर वाचक मिळाला, पान फाडून झाल्यावर. मी सरांना वाकून नमस्कार केला. ते गोंधळले.

अण्णासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "वृंदा," ते म्हणाले, "उद्यापासनं तू काय लिवायचं न्हाई."

"हो," मी म्हटलं.

"जयसिंगच्या शेजारी टेबल टाकायचं. त्यानं काय बी काढलं की इचारायचं, ह्याला किती वळी लागतील? लागतील म्हणलीस तर त्यानं परत काढायचं."

जयसिंगच्या चेहऱ्यावर जाळी तिरकी बसल्यासारखं काहीतरी झालं. "कायमचं?" त्यानं विचारलं.

तोच प्रश्न मलाही विचारायचा होता. "म्हणजे मी कायम?"

"कायम."

इतक्या वर्षांच्या तात्पुरतेपणानं माणूस संशयी होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेवढं लिहून द्याल?"

अण्णासाहेब उठले, चपला पायात सरकवल्या. "कमाल हाय पोरी तुझी. सरळ असंल ते लिवावं लागत न्हाई, ह्ये तूच मला शिकिवलंस न्हवं?"

सगळे हसले, वहिनी सगळ्यांत मोठ्यांदा.

पण सोमवारी मी ते लिहून घेतलंच. मसुदा माझाच होता. दोन ओळींत बसला, आणि अण्णासाहेबांनी न अडखळता सही केली.